चढउतार आणि बदल : धंदा सांभाळणाऱ्याने ओळखायच्या दोन गोष्टी



साहित्याच्या व्याख्यानमालेत एका होमिओपॅथी डॉक्टरने धंद्यावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. कारण साधे आहे. बेळगावसारख्या गावात दवाखाना चालवायचा म्हणजे निम्मे रोगी दुकानदार, फाउंड्रीवाले, लेथवाले नाहीतर त्यांच्याकडे कामाला असलेले. झोप लागत नाही, छातीत जळजळते, डोके धरते, अशा तक्रारी घेऊन ते येतात. आमच्या शास्त्रात रोग्याची हकीकत सविस्तर घ्यावी लागते. ती घेताना चार प्रश्नांत गाडी उधारीवर येते. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या, २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला, २०२० च्या मार्चअखेर सारे शटर खाली आले. प्रत्येक वेळी माझ्या बाकड्यावर तेच चेहरे आणि तोच प्रश्न होता : ‘डॉक्टर, हे दिवस जातील ना?’

या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या पुडीत नसते. पण तो विचारणाऱ्याच्या मागे दहा-पंधरा घरांची चूल असते. शेड विकून टाकावी की धरून ठेवावी, मुलाला धंद्यात घ्यावे की नोकरीला पाठवावे, जुन्या कामगाराला काय सांगावे, हे सारे त्या एका प्रश्नावर अवलंबून असते. म्हणून तो प्रश्न नीट समजून घ्यावा, एवढाच आजचा हेतू आहे.

उत्तर असे, की काही दिवस जातात आणि काही जात नाहीत. बाजारात मागणी कमी होते, पुन्हा वाढते. लोखंडाचा भाव चढतो, उतरतो. बँकेचा व्याजदर वरखाली होतो. याला आपण चढउतार म्हणू. पण कधी कधी मागणी गेली की परत येत नाही, कारण ज्या वस्तूची ती मागणी होती त्या वस्तूचीच गरज सरलेली असते. याला बदल म्हणू. चढउतारात टिकाव धरायचा असतो; बदलात जागा सोडून पुढे जायचे असते. दोन्हींचा उपचार उलटा आहे. चढउताराला बदल समजून घाईने शेड विकणारा फसतो आणि बदलाला चढउतार समजून ‘थोडे थांबू, दिवस फिरतील’ म्हणणारा त्याहून जास्त फसतो. नुसता ताप आणि मूळ दुखण्यामुळे येणारा ताप यांत फरक न करणाऱ्या वैद्याची जी गत, तीच याची.

हा फरक पुस्तकी वाटू नये म्हणून आपल्याच गावातून सुरू झालेल्या एका धंद्याची वाटचाल पाहू. किर्लोस्कर हे नाव आपण रोज घेतो, रस्त्याचे नाव म्हणूनही घेतो. पण त्या नावामागची पहिली चाळीस वर्षे ही एकामागून एक आलेल्या अडचणींची वर्षे आहेत.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले; पण त्यांना रंगांतले फरक ओळखता येत नाहीत, असे तिथे लक्षात आले. चित्रकार होण्याची वाट तिथेच बंद झाली. त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे काढण्याचे शिक्षण घेतले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत तोच विषय शिकवला. रंग गेला, रेषा राहिली. हाताशी उरलेल्या गुणावर पुढचे आयुष्य उभे करण्याची ही सवय त्यांच्या सगळ्या धंद्यात दिसते.

१८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान सुरू झाले. थोरले बंधू रामूअण्णा इथे होते. सायकल विकायची आणि ती चालवायलाही शिकवायची, असा तो धंदा. पण सायकल ही हौसेची वस्तू आणि घेणारे थोडे. या भागातला पैसा खरा शेतीत आणि शेतीतले काम सगळे हाताने आणि बैलाने चाललेले. लक्ष्मणरावांची नजर तिकडे वळली. कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर झाला.

नांगर चांगला होता, पण गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. आता इथे थांबून आपला प्रश्न विचारू. दोन वर्षांतला हा खप पाहून कोणीही म्हणाले असते, धंदा बंद करा. लक्ष्मणरावांनी तो बंद केला नाही, आणि त्यांचे बरोबर होते. लाकडी नांगराला खोलवर जाणारी काळी जमीन, हरळीने भरलेली शेते, या अडचणी खऱ्या होत्या आणि त्या लोखंडी नांगराने सुटणाऱ्या होत्या. अडत होते ते समजुतीमुळे. गरज खरी असेल आणि अडसर समजुतीचा असेल, तर थांबावे. गरजच सरली असेल, तर थांबून उपयोग नाही. आकडा दोन्ही वेळा सारखाच लहान दिसतो. फरक शेतात जाऊन पाहणाऱ्यालाच कळतो.

पुढचा आघात बाहेरून आला. कारखान्याची जागा गावाच्या नव्या वस्तीसाठी हवी म्हणून नगरपालिकेने ती सोडायला सांगितली. चालू कारखाना, शिकलेले कामगार, आणि जागा नाही. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी बिनव्याजी कर्ज दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन दिली. १९१० साली कारखाना तिथे गेला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. जमीन उजाड, निवडुंगाची आणि सापांची. चांगली गोष्ट एकच, शेजारून आगगाडी जात होती. कच्चा माल येणार आणि नांगर जाणार तो याच मार्गाने. जागा निवडताना लक्ष्मणरावांनी सोयी मोजल्या नाहीत, एक आवश्यक गोष्ट आहे की नाही ते पाहिले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येणे थांबले आणि देशी नांगराला मागणी आली. पण त्याच युद्धामुळे बीड मिळेना, दगडी कोळसा मिळेना. मागणी आहे आणि माल करता येत नाही, ही अवस्था मंदीपेक्षाही जिवाला खाणारी असते. कारखान्याने लोणारी कोळशावर भट्टी चालवली आणि मिळेल तिथून मोडीचे लोखंड गोळा केले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळगडावरच्या जुन्या निकामी तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. हा चढउताराचा काळ होता. गरज कायम, माणसे कायम, फक्त पुरवठा तुटलेला. अशा वेळी धंद्याचा गाभा न बदलता मार्ग बदलायचे असतात.

युद्ध संपले. तेजी होती तोवरच, १९२० साली, किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली आणि घरचा धंदा भागधारकांच्या भांडवलावर उभा राहिला. भांडवल चांगल्या दिवसांत उभारावे, हा धडा आपल्याकडे फार उशिरा शिकला जातो. घरात पाणी शिरल्यावर छत्री विकत घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानदार हवा तो भाव सांगतो. बँकेचेही तसेच आहे.

मग १९२९ नंतरची जागतिक मंदी. शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही, तर नांगर कोण घेणार? वरवर पाहता हा चढउतारच होता. पण त्याखाली एक बदलही चालू होता. एका नांगरावर कारखाना कायम चालेल असे दिवस सरत होते. शेतकऱ्याची पुढची गरज पाण्याची होती. शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून १९२६ साली परतले होते. किर्लोस्करवाडीत पंप, उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे होऊ लागली. मंदीत लोखंडी खुर्च्या, खाटा असे फर्निचरसुद्धा केले गेले.

या यादीकडे नीट पाहिले तर त्यात दोन प्रकार दिसतात. फर्निचर हे चढउतारावरचे औषध होते : भट्टी आणि माणसे रिकामी बसू नयेत, रोकड फिरती राहावी. पंप हे बदलावरचे औषध होते : पुढची तीस-चाळीस वर्षे ज्यावर काढायची ती वस्तू. धंदा चालवणाऱ्याला मंदीत ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. नुसते पहिले केले तर आजचा दिवस निघतो आणि उद्याचा अडतो. नुसते दुसरे केले तर उद्या उजाडण्याआधी पगार थकतात.

पुढचे टप्पे सांगायचे तर, १९४१ मध्ये हरिहरला यंत्रसामग्री बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये बंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. मधल्या वाटेवर १९४८ साल आले. गांधीहत्येनंतरच्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली गेली. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभा राहिला.

हे सारे ऐकताना वाटेल, की मोठ्या घराण्याची मोठी गोष्ट. आपल्या शेडला तिचा काय उपयोग? म्हणून आता हिशेबाकडे येतो. मोठा कारखाना आणि छोटी शेड यांचा हिशेब एकाच रीतीने मोडतो.

समजा, एका शेडची महिन्याची विक्री १० लाखांची आहे. त्यात कच्चा माल, वीज, वाहतूक असा विक्रीबरोबर वाढणारा-घटणारा खर्च ६ लाख. भाडे, पगार, हप्ते असा विक्री असो-नसो द्यावाच लागणारा खर्च ३ लाख. उरले १ लाख. आता विक्री पाचव्या हिश्शाने घटली आणि ८ लाखांवर आली. बदलता खर्च ४ लाख ८० हजार झाला, ठाम खर्च ३ लाखच राहिला. उरले फक्त २० हजार. विक्री २० टक्के घटली आणि नफा ८० टक्के घटला. आणखी १ लाखाने विक्री घटली की २० हजारांचा तोटा. ‘धंदा थोडाच कमी झालाय, मग हातात काही का राहत नाही?’ असे विचारणाऱ्याला हे त्रैराशिक मांडून दाखवावे लागते. म्हणजे तेजीत आपण ठाम खर्च किती वाढवला, यावर मंदीत आपण किती दिवस तगणार ते ठरते. माझ्या घरच्या संस्कारांत परिग्रहाला मर्यादा घालून घेण्याचे व्रत आहे. ते धर्माचे म्हणून क्षणभर बाजूला ठेवा, हिशेबाचे म्हणून पाहा. चांगल्या वर्षात स्वतःहून घातलेली मर्यादा वाईट वर्षात उपयोगी पडते.

दुसरा हिशेब उधारीचा. हीच शेड ६० दिवसांच्या उधारीवर माल देत असेल, तर २० लाख रुपये कायम लोकांकडे अडकलेले असतात. मंदी आली, गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे देऊ लागले, की ३० लाख अडकतात. विक्री एका रुपयाने वाढलेली नाही, पण १० लाखांची रोकड कमी पडली. वहीत नफा आणि गल्ल्यात खडखडाट, याचा अर्थ हा. बहुतेक छोटे धंदे तोट्याने बंद पडण्याआधी रोकड आटून बंद पडतात.

उधारीबाबत कायदा छोट्या उद्योगाच्या बाजूने आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे, नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाने माल किंवा सेवा दिली, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकराचीही जोड मिळाली आहे : मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच दाखवता येतो. कायदा आहे म्हणून जुन्या गिऱ्हाइकाला कोणी नोटीस पाठवत नाही, हे मला कळते. पण माल देण्याआधी मुदत कागदावर लिहून घ्यायला नोटीस लागत नाही.

तिसरी गोष्ट माणसांची, आणि ती हिशेबात बसत नाही. साचा घट्ट ठोकणारा, भट्टीचा रंग पाहून लोखंड ओतायची वेळ सांगणारा कारागीर दहा वर्षांत तयार होतो. मंदीत तो सोडला, तर ठाम खर्च या महिन्यात कमी होतो. तेजी आल्यावर तो दुसऱ्याच्या शेडमध्ये असतो. म्हणून चढउताराच्या काळात कपात करायची तर ती मालकाच्या घरापासून सुरू करावी आणि कसबी कारागिरापाशी सर्वांत शेवटी यावी. बदलाच्या काळात मात्र त्याच कारागिराला नवे काम शिकवणे हीच त्याच्यावरची दया असते. जुन्या कामावर त्याला बसवून ठेवणे ही दया नव्हे.

चौथी गोष्ट शब्दांची, आणि ती या व्यासपीठाला जवळची आहे. कंपनी झाली त्याच १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याच्या मालाची आणि कामाची माहिती देणारे ते छोटेसे पत्रक. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ते वाढत गेले, त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले. मराठी घरांत विचारांची केवढी उलथापालथ या तीन मासिकांनी केली, ते इथे सांगायला नको. सालांकडे मात्र लक्ष द्या. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ निघाली ती ऐन मंदीत. नांगर खपत नव्हते तेव्हा त्या गावाने बोलणे बंद केले नाही, उलट वाढवले.

आपल्याकडे मंदी आली की मालक पहिल्यांदा बोलणे बंद करतो. बायकोला सांगत नाही, मुलाला सांगत नाही, कामगारांना तर नाहीच. कामगारांना ते कळतेच. मालाची गाडी आठवड्यातून एकदा येऊ लागली की हिशेब त्यांनाही येतो. कळते ते अर्धवट, आणि अर्धवट कळण्यातून अफवा होते. मग जो चांगला कारागीर, तोच आधी जागा शोधतो. अशा वेळी चार वाक्ये पुरतात : हातात काम किती आहे, पगार कुठल्या तारखेपर्यंत नक्की आहे, तारीख चुकणार असेल तर किती आधी सांगेन, आणि नवे काय शोधतो आहे. दवाखान्यातही हेच. रोगाचे नाव सांगितल्याने रोगी खचतो, हा समज खोटा आहे. रोगी खचतो तो डॉक्टरने नजर चुकवली म्हणजे.

आता आजच्या दिवसांकडे. उद्यमबागेतल्या आणि आसपासच्या शेडमधून पंप, व्हॉल्व आणि गाड्यांसाठी ओतकाम होते. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांना भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि त्याच सुमारास टाळेबंदी आली. तेव्हा रिकाम्या झालेल्या भट्ट्या पुन्हा पेटल्या. तो चढउतार होता. विजेवर चालणारी गाडी हा बदल आहे. तिला इंजिनाचा ब्लॉक लागत नाही, सिलिंडर हेड लागत नाही. ब्रेकचे भाग, चाकाचे हब, मोटरचे आवरण मात्र लागते. ज्याची सारी विक्री इंजिनाच्या एकाच भागावर आहे, त्याने ‘अजून दहा वर्षे काही होत नाही’ असे म्हणत बसू नये. काही होत नसेल तर उत्तमच, ती दहा वर्षे तयारीला मिळाली. शेती सुटली नाही म्हणून लोखंडी नांगर चालला, आणि शेतकरी सोडला नाही म्हणून पुढे पंप चालला. आपले कसब आणि आपले गिऱ्हाईक, यांपैकी एक हातात ठेवून दुसरे बदलावे. दोन्ही एकदम बदलणारा नवखा ठरतो आणि नवख्याला मंदीत कोणी उभे करत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एवढे सारे केले म्हणजे धंदा टिकतोच असे नाही. ज्या हरिहरच्या कारखान्याचा उल्लेख मघाशी केला, तो पुढे बंद पडला. त्यामागे चांगले नाव होते, कुशल माणसे होती. कधी कधी वेळेवर बंद करणे हाही नेतृत्वाचाच भाग असतो. देणी फेडता येतील, कामगारांचे पैसे चुकते करता येतील, अशा अवस्थेत घेतलेला बंदचा निर्णय हा पराभव नव्हे. घर गहाण पडल्यावर घेतलेला तोच निर्णय मात्र चार कुटुंबे बुडवतो. म्हणून चांगल्या दिवसांतच एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा : शिल्लक इतक्यावर आली की मी विचार करीन, आणि याच्या खाली गेली की थांबेन. संकटात मन तो आकडा खाली खाली ढकलू पाहते. लिहिलेला असला की ढकलता येत नाही.

तेव्हा ‘हे दिवस जातील ना?’ या प्रश्नाऐवजी आपण तीन प्रश्न विचारू. माझ्या वस्तूची गरज अजून आहे का? नवे पैसे एक रुपयाही आले नाहीत, तर किती महिने मी पगार देऊ शकतो? आणि ही दोन उत्तरे मी घरात आणि शेडमध्ये कोणाला सांगितली आहेत? तिन्हींची उत्तरे ज्याच्याकडे आहेत, त्याला झोप येते, असा माझा दवाखान्यातला अनुभव आहे. उत्तरे चांगलीच असावी लागतात असे नाही. ती ठाऊक असली तरी पुरते.